उन्हात वाळवलेली पावडर

कारध्याला, माझ्या सासरच्या गावी, रस्त्याच्या कडेला रोपं विकणाऱ्या त्या मावशीचं नाव मी कधी विचारलंच नाही. बोलता बोलता चिमूटभर माती उचलून हुंगायची तिला सवय होती.

सातवीत माझी शाळा सुटली आणि लग्न होऊन साताऱ्याहून इतक्या लांब आले. आईने दिलेल्या वांग्याच्या बियांची सहा रोपं दारातल्या कुंड्यांत लावली. बी तेवढंच होतं. दोन रोपं मुळाशी कुजून मेली, तेव्हा मावशीकडून मूळकुजीवर घालायची ट्रायकोडर्माची पावडर आणली. हाताला दमट लागली म्हणून दोन दिवस उन्हात वाळवली आणि मग घातली. तिसरंही रोप गेलं, तशी मी रडवेली होऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"अवो बाई, वाळवलं कायले? पापड होय का ते?" ती खदाखदा हसली. मग माझा चेहरा बघून हळू बोलली, "जिती बुरशी हाये ते. उन्हानं मेली. तिले सावली पायजे, ओल पायजे."

ओल्या गोणपाटाखाली शेणखतात तिने तीच बुरशी वाढवली होती. त्यातलं ओंजळभर खत पळसाच्या पानात बांधून माझ्या हातात दिलं. "मेलेलं काही उठत नाही. उरलेले वाचवू."

तिन्ही वाचली. पहिलं वांगं मी बियांसाठी झाडावरच पिकू दिलं. त्यातलं निम्मं बी मावशीला नेऊन दिलं, तर तिने तेही आधी हुंगलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

आईला फोनवर सांगितलं, वांगी लागली. वाळवणाचं मात्र नाही सांगितलं.