सगळ्यात देखणी दीर्घिका बाद

"ताई, मध्यभागी एवढा उजेड कशाला?" डॉ. स्नेहल कांबळेंनी विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. शॉट तिसऱ्यांदा परत येत होता.

अंधेरीच्या एका स्टुडिओत मी कंपोझिटिंग करते. म्हणजे वेगवेगळी चित्रं एकावर एक बसवायची आणि सांधा दिसू द्यायचा नाही. काम होतं शाळांसाठीच्या विज्ञानपटाचं. स्नेहल मॅडम खगोलशास्त्रज्ञ, फिल्म त्यांच्याच संशोधनावर. ज्या दूरच्या दीर्घिकांमध्ये धडाधड तारे जन्मतात, त्यांच्यात डार्क मॅटर कुठे किती आहे, हा विषय. डार्क मॅटर दिसत नाही, पण ओढतं. दीर्घिकेतला वायू किती वेगाने फिरतो ते मोजायचं. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने तेवढा वेग येत नसेल, तर बाकीची ओढ याची.

डार्क मॅटर दाखवायला मी जांभळी प्रभा टाकली होती, मध्ये सगळ्यात दाट. आमची सवयच ती. मधोमध काळोख राहिला की बघणाऱ्याला प्रोजेक्टर बिघडल्यासारखं वाटतं.

"मध्ये ते गच्च भरलेलं नाही, पसरलेलं आहे," मॅडम म्हणाल्या. "तिथे वेग अपेक्षेपेक्षा कमी भरतो, त्यावरून कळलं. तीन वर्षांचं काम आहे माझं."

"मूळ चित्र दाखवा बघू," मी म्हटलं.

दाखवलं. मोजके चौकोन, तेही धूसर. ब्लर दिसला की मला राहवत नाही. "मॅडम, दीर्घिकेची एक बाजू आपल्याकडे येतेय, दुसरी लांब जातेय. ब्लरमुळे मध्ये दोन्ही एकाच चौकोनात मिसळल्या, तर वेग कमीच दिसणार ना?"

"धूसरपणा वजा करूनच मोजतो, ताई."

"प्रत्येकीचा वेगळा? आमच्याकडे एकाच कॅमेऱ्याचा ब्लरसुद्धा टेकागणिक बदलतो."

त्यांनी लॅपटॉप उघडून तपासलं. दुर्बीण एकच, म्हणून सगळ्या दीर्घिकांना धूसरपणाचा एकच आकडा लावला होता. आमचे बॉस सावंत सर माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. कुणाच्या तीन वर्षांवर मी पाणी फिरवलं की काय?

चार दिवसांनी मॅडम आल्या, चेहरा पार उतरलेला. त्यांनी कॉम्प्युटरवर खोट्या दीर्घिका बनवल्या होत्या, डार्क मॅटर आधीच ठाऊक असलेल्या. मग प्रत्येक खऱ्या दीर्घिकेच्या निरीक्षणाच्या रात्री हवेमुळे चित्र जेवढं धूसर झालं होतं, तेवढ्याच त्या धूसर करून पुन्हा मोजल्या.

"माझ्या आठ दीर्घिकांपैकी सात टिकल्या, त्यांच्यात मध्ये ते खरंच विरळ आहे," त्या म्हणाल्या. "ही एक नाही."

ही म्हणजे नेमकी आमच्या फिल्ममधली. सगळ्यात देखणी.

"अहो, फिल्म होत आली!" सावंत सर ओरडलेच. "पोरांना काय कळतंय?"

"म्हणून तर त्यांना खोटं सांगायचं नाही, सर. दुसरी देते."

दुसरी कसली, नुसता वाकडा बटाटा! शॉट पहिल्यापासून करावा लागला. मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. स्नेहल मॅडम माझ्याहून कितीतरी लहान, पण खरं सांगते, पोरीचं फार कौतुक वाटलं. प्रभा या वेळी मध्ये विरळ ठेवली. शॉट पास झाला.

महिन्याभराने इतर संशोधकांपुढे स्नेहलचं भाषण होतं. मलाही बोलावलं. मला वाटलं, बाद झालेल्या दीर्घिकेचं नावही निघणार नाही. पोरीने सुरुवातच तिच्यापासून केली. दीर्घिका पडदाभर लावली आणि म्हणाली, "इथे मी चुकले होते. कशी, ते आधी सांगते."

तीस वर्षं मी पडद्यावरच्या चुका झाकतेय. स्वतःची चूक एवढी मोठी करून दाखवणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. मग उरलेल्या सातांवर लोकांचा विश्वास बसला, यात नवल ते काय!