रिगोबेर्तोचा पेनड्राइव्ह

कामाग्वे गावात कुणाचे फोटो उडाले की लोक मिग्डालियाकडे धाव घेत. साठीची बाई, तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू बघूनच ती त्याची अक्कल काढायची. फ्लॉपीवाल्याला सांगायची, हिला बुरशी खाते, आता रडू नकोस. पेनड्राइव्ह म्हणजे खिशातून थेट धुण्याच्या टबात जायची चीज. सीडीवर मात्र तिचा जीव. ओरखडे पडतील, पण एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला पुसता येत नाही. आणि हार्ड डिस्कचं नाव काढलं की तिचा चेहराच बदलायचा.

डिस्कवरच तिचा घात झाला होता, आणि तो केला रिगोबेर्तोने. हा गल्लीतला पाकेतेवाला. दर आठवड्याला नव्या मालिका, सिनेमे, गाणी यांचं ‘पाकेते’, म्हणजे पुडकं, घरोघरच्या डिस्कवर भरून द्यायचा. जागा कमी पडली की जुनं उडवायचं, ही सगळ्या बेटाचीच रीत. सहा वर्षांपूर्वी त्याने मिग्डालियाच्या डिस्कवरचं ‘इग्नासिओ’ नावाचं फोल्डर उडवलं. इग्नासिओ तिचा नवरा, गिटार घेऊन लग्नाकार्यांत गायचा. तेव्हा त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याची एकोणीस गाणी त्यात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. ती जाब विचारायला गेली तर रिगोबेर्तो हसला.

"अगं, त्या जागेत दोन कोरियन मालिका बसल्या. म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजापेक्षा बऱ्या की."

पुसलेलं परत कसं आणतात ते मिग्डालिया त्या रागातच शिकली. पण पुसलेल्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं. इग्नासिओचा आवाज असायला हवा तिथे एक कोरियन बाई रडत होती. मिग्डालियाने रिगोबेर्तोवर दात धरला. तो रस्त्यात दिसला की ती थुंकायची.

यंदा फेब्रुवारीत तोच दारात आला, मुठीत पेनड्राइव्ह. त्याची मुलगी लेइडिस उरुग्वेला निघून गेलेली. तिच्या पंधराव्या वाढदिवसाचे, इथे तो लग्नाच्या थाटात करतात, फोटो, चित्रण, सगळं यात होतं. कॉम्प्युटरने फॉरमॅट करू का विचारलं आणि या शहाण्याने ‘हो’ दाबलं. बायकोने जेवण सोडलं होतं. मिग्डालिया त्याला बसही म्हणाली नाही. गुरुवारी ये, एवढंच बोलली.

काम सकाळभराचं होतं. फाइलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते, पण सगळं जिवंत होतं. तिने एक फोटो उघडून पाहिला. गुलाबी घेरदार झग्यातली पोर आणि शेजारी डोळे भरून आलेला बाप. मिग्डालियाला इतका आनंद झाला की तिने कॉफीत दुप्पट साखर घातली. गिऱ्हाइकाच्या वस्तूत फार डोकावायचं नाही हा तिचा नियम. पुढचं तिने काही उघडलं नाही. प्रतही ठेवली नाही. त्या पेनड्राइव्हवर तिने काठोकाठ कोरियन मालिका भरली.

गुरुवारी रिगोबेर्तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"काही उरलं नाही," ती म्हणाली. "त्या जागेत एक मालिका बसली. बायकोला दाखव, बरी आहे."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. या घडीची तिने सहा वर्षं वाट पाहिली होती. तो भांडेल म्हणून ती कंबर कसून होती, पण तो खुर्चीवर टेकला.

"माझं चुकलंच होतं. तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती. पण मिग्डालिया, त्यात इग्नासिओ होता. लेइडिसच्या पंधराव्या वाढदिवसाला तोच गायला होता. तू तेव्हा बहिणीकडे ओल्गिनला होतीस. अख्खं गाणं टिपलं होतं आम्ही. सापडलं की तुला द्यायचं, असं बायकोला सांगून निघालो होतो."

मिग्डालियाने पेनड्राइव्ह त्याच्या हातातून ओढून घेतला आणि कॉम्प्युटरला लावला. आता काही मिळणार नाही, हे तिच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती दुपारपर्यंत शोधत राहिली, आणि तो तसाच बसून होता.

"कुठलं गाणं होतं?" तिने शेवटी विचारलं.

रिगोबेर्तोने बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाही आठवत," तो म्हणाला. "मला गाण्यातलं काय कळतं."