डाव्या कानातलं संगीत

“उजवा हात उसना, डावा त्याचा स्वतःचा. काय लिहिलंय या मुलीनं.”

पियानोच्या एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात मागच्या रांगेतले एक काका त्यांच्या पत्नीला सांगत होते. ‘ही मुलगी’ म्हणजे मी. मी पुढंच बसलेय हे त्यांना माहीत नव्हतं. मी मान खाली घालून मोबाईलमध्ये बघत राहिले. कुणालाही वाटलं असतं, लाजली — मी लाजतेच, शाळेपासून. पण ते वाक्य माझं नव्हतं. आणि हे मी एका व्यक्तीखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

कुठून सुरुवात करू? बसपासून करते.

आमच्या कंपनीची बस सिडकोतून शेंद्र्याच्या कारखान्यात जाते. शेजारी कांचन बसते. ती लासूर स्टेशन गावची, इथं शहरात खोली घेऊन राहते. आम्ही दोघी एकाच विभागात सुटे भाग तपासतो. मी लहानपणापासून पियानो शिकले, परीक्षा दिल्या. एका रशियन संगीतकाराच्या तरुणपणच्या रचनांवर माझा जीव आहे. छोटे छोटे तुकडे, काही तर मिनिटभरात संपणारे. त्याच्या जन्माआधीच वारलेल्या एका पोलिश संगीतकाराची त्यांच्यावर दाट छाया आहे. म्हणतात, हा लहान असताना त्या पोलिश माणसाची स्वरलिपी उशीखाली ठेवून झोपायचा. केवढं प्रेम असेल — आणि ते लपवायची गरजही त्याला कधी वाटली नसावी.

इयरफोन आमच्यात एकच, वायरचा. कांचनला खिडकी लागते, म्हणून डावा कान तिचा, उजवा माझा. माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणांत पियानोचे खालचे, जाड सूर डावीकडून जास्त येतात, वरचे उजवीकडून. म्हणजे रोज सकाळी मी उजवा हात ऐकत होते आणि ती डावा. हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला तिनं थट्टाच केली. “इंग्लिश मॅडम, तुझ्या रशियाला जरा चहा पाज. लई उदास हाय.” मग तीच मागायला लागली — उदासवाला लाव म्हणून. घरी भजनाला ती पेटी वाजवते. एकदा वाटेत चिकलठाण्याजवळ बस अडकली होती, तेव्हा कानातलं काढून ती म्हणाली, “अगं, आमच्या पेटीत डाव्या हाताला नुसता भाता. ह्याचा डावा हात बघ की, कुठल्या कुठं पळतो. कालच्या तुझ्या पोलंडवाल्याचा असा नव्हता पळत. तू म्हणतीस तसं उसनं असंल तर ते वरचं असंल. खालचं ह्याचं स्वतःचं हाय.”

मी बाजू बदलून ऐकलं.

खरंच होतं. वरची चाल ओळखीची, गोड, त्या पोलिश घराण्यातली. आणि तिच्याखाली सूर तळातून उसळत होते, सप्तकं ओलांडत होते, जमीनच हलत होती. इतकी वर्षं मी ते तुकडे वाजवत होते. त्या जागी माझा स्वतःचा डावा हात दुखायचा — तरी मला ऐकू आलं नव्हतं. कसं आलं नाही?

शहरात असं संगीत ऐकणाऱ्यांचं आमचं एक छोटं मंडळ आहे. त्यांच्या इंग्रजी अंकासाठी त्यांनी मला लेख मागितला: या संगीतकाराच्या सुरुवातीच्या पियानोरचनांवर कुणाकुणाचा प्रभाव? मी लिहिला. त्यात जिवंत होतं ते एवढंच, डाव्या हाताचं. ‘माझ्या मैत्रिणीला हे प्रथम ऐकू आलं’ असं वाक्य मी लिहिलंही होतं. मग खोडलं. परीक्षा दिलेल्या मला नाही आणि पेटी वाजवणाऱ्या मुलीला ऐकू आलं — हे माझ्या नावाखाली छापलेलं मला नको होतं. कोण कुणाचं ऋणी, हे सांगणारा लेख, आणि माझं ऋण मी त्यातून पुसून टाकलं.

पण खरी गोष्ट ही नाही. ही सांगणं त्यामानानं सोपं आहे.

अंक आला तेव्हा कांचनला माझ्याहून जास्त आनंद झाला. इंग्रजी तिला वाचता येतं, पण लांब लेख म्हटलं की कंटाळते. बसमध्ये म्हणाली, मराठीत सांगत सांगत वाचून दाखव. मी दाखवलं. उशीखालची स्वरलिपी, पोलिश नाच, सगळं. आणि तो परिच्छेद आला — तेव्हा अंगठ्यानं मोबाईलवरचा मजकूर वर सरकवला आणि पुढचं वाचायला लागले. आवाजही बदलला नाही माझा.

ऐकून ती म्हणाली, “भारी लिहिलंस. डाव्या हाताचं नाय घेतलं?”

मी सांगितलं, जागा पुरली नाही.

“व्हय, बरोबर. माझं ते असंच,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. रागावली नव्हती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि स्वतःच्या कानावरचा थोडा कमी केला होता. त्यानंतर ती ‘छान हाय’ एवढंच म्हणायची. बारकावे सांगेनाशी झाली. मी ते पाहत होते. गप्प होते. वर्ष गेलं असं.

त्या कार्यक्रमाला मीच तिला पहिल्यांदा घेऊन गेले होते. काका बोलले तेव्हा ती चहाच्या रांगेत होती, तिनं काही ऐकलं नव्हतं. माझं इंग्रजी वाक्य काकांनी मराठीत आणलं, ते जवळजवळ तिच्याच शब्दांत परत गेलं होतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मला ते चांगलं जमतं.

ती दोन कप घेऊन आली. एक माझ्या हातात दिला, शेजारी बसली आणि विचारलं, तोंड का असं झालंय.

“जागा होती, कांचन,” मी म्हणाले. “डाव्या हाताचं लेखात आहे. मी तेवढंच तुला वाचून दाखवलं नाही.”