धरणगावचा सामना आणि चोपड्यापुढचा पळस

मालेगाव मागे पडलं की एसटीच्या खिडकीतला वारा कोरडा होतो आणि खानदेश जवळ आल्याचं कळतं. फाल्गुनात मी नाशिकहून धुळ्याला लेकीकडे निघाले, ती दोन गोष्टी मनात धरून. बारा वर्षांच्या नातीचे, ईराचे, खो-खोचे सामने बघायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याला फुललेल्या पळसाचे फोटो काढायचे. निवृत्तीनंतर मला फोटोंचं वेड लागलंय. घरचे म्हणतात, आजी आता जेवणाआधी ताटाचाही फोटो काढते. खरं आहे ते.

दुसऱ्या दिवशी मेधा, म्हणजे माझी लेक, ईरा आणि मी गाडीने धरणगावला गेलो. सामने तिथे होते. जेवणाच्या सुट्टीत मैदानाकडेच्या निंबाखाली कळण्याची भाकरी (उडीद-ज्वारीच्या पिठाची) आणि भरीत खाल्लं. ईराची तिथे एका मुलीशी गट्टी जमली. चोपड्यापुढच्या एका गावाची ती रेखा, काटक, लांब वेणीची. मी पळसाबद्दल विचारलं तर म्हणाली, "आमना गावनी वाटवर या, आजी. बठ्ठं रान लाल शे." (आमच्या गावच्या वाटेवर या, सगळं रान लाल आहे.)

दुपारी अंतिम सामना नेमका या दोघींच्याच संघांत झाला. शेवटचा डाव. ईराचा संघ एका गुणाने पुढे, मैदानात पळणारी एकटी ईरा आणि मागे रेखा. मी कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबत राहिले. रेखा झेपावली, ओरडली, "लागला! हात लागला!" पंचांना दिसलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि लगेच वेळ संपल्याची शिट्टी झाली. ईराच्या मैत्रिणींनी तिला उचलून घेतलं. रेखा खांबाशी उभी राहून डोळे पुसत होती.

मुक्काम धरणगावातच, मेधाच्या नणंदेकडे होता. संध्याकाळी शेवभाजी रटरटत होती, घरात पेढे वाटणं चाललं होतं आणि मी कोपऱ्यात बसून फोटो बघत होते. एका फोटोत रेखाचा तळवा ईराच्या पाठीवर सपाट टेकलेला होता. मी तो मोठा करून पुन्हा पाहिला. मग कॅमेरा बंद केला आणि पेढा खाल्ला. कुणाला काही बोलले नाही. माझी नात जिंकली होती.

सकाळी तापी ओलांडून चोपड्याच्या पुढे गेलो. रेखा खोटं बोलली नव्हती. पानं गळालेल्या झाडांवर नुसती केशरी-लाल फुलं, त्यांत मैना भांडताहेत. चांगला कोन साधायला मी मागे मागे सरकले आणि थेट शेताच्या पाटात बसले. मेधा हसून हसून दमली. पाटातल्या पाण्यात बसूनच मीही हसले. साडी पिळेपर्यंत कॅमेरा ईराच्या हाती दिला.

थोड्या वेळाने बघते तो ती बांधावर कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेली.

"आजी, हा फोटो तू पाहिला होतास?"

"हो. काल संध्याकाळी."

"मग बोलली का नाहीस?"

मी तिच्या शेजारी बसले. "तुझा आनंद मोडवेना," म्हटलं.

ती खाली बघत म्हणाली, "मला कळलं होतं, आजी. पाठीला लागलं होतं."

नंतर तिने हट्टच धरला, रेखाच्या घरी जायचं. गाव समोरच होतं. रेखा आणि तिची आजी अंगणात पळसाची फुलं वाळत घालत होत्या, होळीच्या रंगासाठी. आजींनी माझी ओली साडी पाहिली आणि काही न विचारता खाट उन्हात ओढली. "बठा, अक्का." (बसा.)

ईराने सामन्यात मिळालेलं पदक पुढे केलं. "तुझा हात लागला होता."

"माले माहीत शे," रेखा म्हणाली. "हात मनाच व्हता ना!" (मला माहीत आहे, हात माझाच होता ना!)

आम्ही बाकीच्या हसलो. ईरा मात्र रडत होती. रेखाने पदक उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. "आसं नको. पुढला साल मी जिकसू." (असं नको. पुढच्या वर्षी मी जिंकेन.) मग दोघी रानात पळाल्या आणि ओटीभर फुलं घेऊन आल्या.

दोन दिवसांनी मी नाशिकला परतले. सोमवारी ईराचा फोन आला. तिने सगळं सरांना आणि संघाला सांगितलं होतं. सरांनी आयोजकांना कळवलं, पण निकाल बदलत नाही म्हणे. दोन मैत्रिणी तिच्याशी बोलत नव्हत्या.

त्या प्रवासातले पळसाचे फोटो छान आलेत, शेजारीपाजारी मागून बघतात. मला मात्र तो पेढा आठवतो. साठी उलटलेल्या मला जे जमलं नाही, ते त्या पोरीने सगळ्या संघासमोर केलं.

"माझा राग आला का गं?" त्या फोनवरच मी विचारलं.

"थोडा आला होता," ती म्हणाली. "पुढच्या वेळी लगेच सांगायचं, आजी."

"सांगेन," मी म्हटलं.