कीबोर्ड कोणाच्या हातात

कणकवलीत आमचं एक मंडळ आहे. कुणीही फुकट घ्यावं, आतून उघडून बघावं, सुधारून दुसऱ्याला द्यावं, अशा सॉफ्टवेअरचं. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजण एका कॉलेजच्या लॅबमध्ये जमतो. 'नवीन माणसांचं स्वागत' असा कागद दारावर लावलेला असायचा आणि नवीन माणसं यायचीही. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा आम्ही सहाच.

लोकांना शिकायचंच नसतं, असं मी बिनदिक्कत म्हणायचो. खरं तर दोष माझा होता. समोरचा माणूस माउस धरून जरा घुटमळला की माझा जीव वरखाली व्हायचा. "द्या इकडे," म्हणत मी कीबोर्ड ओढायचो, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम उरकायचो आणि वर विचारायचो, "कळलं ना?" माणूस बिचारा मान हलवायचा आणि घरी जायचा. वाटेत मला काय काय म्हणत असेल, ते आता कळतं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक काकी आल्या. देवगडच्या रस्त्यावरच्या एका गावातलं वाचनालय त्या सांभाळायच्या. तळेऱ्याला एसटी बदलून आल्या होत्या. वाचनालयातला जुना कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता, अर्ध्यावर येऊन स्क्रीन निळा पडायचा. काकींनी दोन वर्षं खपून सगळ्या पुस्तकांची यादी त्यात भरली होती. ती आणखी कुठे तरी ठेवावी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. महिन्याभरात वाचनालयाची वार्षिक सभा होती आणि तिथे कॉम्प्युटर भंगारात काढायचा ठराव येणार होता. म्हणजे यादीही गेली.

"काकी, मी येऊन करून देतो. अर्ध्या तासाचं काम," मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

"आणि परत बिघाडलो तर?"

"परत येईन."

"नको. माका शिकव."

मग बसलो शिकवायला. एका पेनड्राइव्हवर लिनक्स घातलेलं होतं. तो लावून कॉम्प्युटर सुरू केला की मशीनची स्वतःची सिस्टिम झोपलेली राहते आणि आतल्या फायली दिसतात. फायलीची प्रत काढायची एक ओळ काकी एकेका बोटाने अक्षर शोधत टाइप करत होत्या. चौथ्या अक्षराला माझा हात नेहमीसारखा पुढे गेला. काकींनी कीबोर्ड दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"माझे आयेन आडाळो माझ्याकडे दिल्यान, म्हणान माका मासो कापूक येता. तीच कापीत बसली असती तर? बोट कापला माझा, पण शिकलंय मां?"

विळीचा हा दाखला ऐकून लॅबमध्ये सगळे हसले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. चहा पिऊन आलो तेव्हा काकींनी ती ओळ पुरी केली होती, एकही चूक नव्हती. आतापर्यंत मी किती जणांच्या हातातून काम काढून घेतलं असेल, या विचाराने मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी मंडळात नियम झाला: नवीन माणूस बसला की जुन्याने हात पाठीमागे बांधायचे. तोंडाने सांगायचं, तेही विचारलं तरच.

काकी पुढचे तीन रविवार आल्या. पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा, लगेच एफ-बारा दाबत राहा, समोर येणाऱ्या मेन्यूतली दुसरी ओळ निवडा. सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि वही मिटून करून दाखवलं.

सभेला मीही गेलो. सेक्रेटरींनी ठराव रजिस्टरात आधीच लिहून आणला होता. "ठरावापूर्वी मला पाच मिनिटं द्यावीत, ही विनंती," काकी शुद्ध सभेच्या मराठीत म्हणाल्या आणि कॉम्प्युटरपुढे बसल्या. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, एफ-बारा दाबत राहिल्या. स्क्रीन निळा. मागून कुणी तरी खुसखुसलं.

माझ्या लगेच लक्षात आलं. लॅबमधल्या मशीनला एफ-बारा लागतं, हे मशीन दुसऱ्या बनावटीचं. प्रत्येकाची कळ वेगळी असू शकते, हे शिकवायचं मीच विसरलो होतो!

"अहो, तुम्ही जाणकार ना?" सेक्रेटरी मला म्हणाले. "तुम्हीच बसा की."

"मला येतं, पण त्यांनाही येतं," मी म्हणालो आणि पाठीमागे हात घट्ट आवळले. काकींनी वळून बघितलं.

"सांगा नको हां," त्या मला दटावून म्हणाल्या.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चष्मा पुसला, पुन्हा सुरू केला. या वेळी कुठलीच कळ न दाबता नुसत्या स्क्रीनकडे वाकून बघत राहिल्या. खालच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ चमकून गेली. निसटली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. "एफ-नऊ," त्या पुटपुटल्या. चौथ्या वेळी एफ-नऊ दाबलं आणि पेनड्राइव्हवरचं लिनक्स समोर उभं राहिलं. मी तर ओरडायच्याच बेतात होतो!

काकींनी डिस्क उघडली, फाइल शोधली. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत यादी जशीच्या तशी. खुर्च्या सोडून सगळे स्क्रीनपाशी आले. गर्दी असतानाच त्यांनी यादीची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि तो पर्समध्ये टाकून चेन लावली. त्यानंतर ज्या टाळ्या झाल्या, तशा मी आमच्या सभांमधून कधी ऐकल्या नाहीत.

सेक्रेटरी रजिस्टर घेऊन खोळंबले होते. "मग आता मी काय लिहू?"

काकी सभेचं मराठी विसरल्या.

"लिवा, कॉम्प्युटर चालू आसा," त्या म्हणाल्या. "आणि चालू कोणी केल्यान, तांव लिवा."

सेक्रेटरींनी ठरावावर काट मारली आणि खाली काकींचं पूर्ण नाव लिहिलं.