आधी पडलेले दाखवा

निकालाच्या दिवशी इंगोले मॅडम पेढा घेत नसत. दिग्रसच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या. बारावीचा निकाल लागला की पास झालेली मुलं पेढ्यांचे पुडे घेऊन स्टाफरूमपुढे गर्दी करत आणि मॅडम त्या गर्दीतून वाट काढत ऑफिसकडे निघत. "पास झालेले कुठं पळून चालले? आधी पडलेले दाखवा," असं म्हणून नापासांची यादी मागून घेत, स्कूटीला किक मारत आणि त्या यादीप्रमाणे घरोघर फिरत. दारात उभं राहून त्या मुलाचं नाहीतर मुलीचं तोंड बघायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, की पुढचं घर. शेवटचं तोंड बघेपर्यंत जेवत नसत. आम्ही मुली यावर हसायचो. बाईंना पास झालेल्यांचं काही कौतुकच नाही, असं आम्हाला वाटे.

शिकवायच्या मात्र अशा, की बेडकाच्या काळजाची आकृती फळ्यावर धडधडायला लागायची. आवाज खणखणीत, भाषा घरची. "रट्टा मारू नका बाप्पा. रट्टा मारलेलं पेशंटच्या खाटेजवळ आठोत नाई," हे त्यांचं नेहमीचं. उत्तर चुकलं तर रागावत नसत. चूक लपवली तर मात्र चेहरा उतरायचा. "चुकलं तं चुकलं. लपवलं काहून?" हा प्रश्न त्या इतक्या हळू विचारायच्या, की विचारलेल्याला रडू फुटे.

मला मेडिकलची जागा मिळाली तेव्हा घरात आनंदाच्या आधी पंचाईत आली. माझे बाबा एसटी डेपोत मेकॅनिक. दोन कॉलेजं समोर होती. एक दोन तासांवरचं, खाजगी. तिथं जायचं तर घर बँकेत गहाण टाकावं लागणार होतं. दुसरं पार हैदराबादच्या वाटेनं पुढे, परराज्यात. तिथला ट्रस्ट फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, सगळं देणार होता. ठरवायला तीन दिवस होते. आईला मी जवळ हवी होते, बाबांना घर वाचवायचं होतं, आणि मला दोघांनाही दुखवायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "मॅडम सांगतीन तसं करू."

मॅडमनी शिष्यवृत्तीचं पत्र घेतलं आणि आधी मागची बाजू वाचली. बारीक अक्षरातल्या अटीवर त्यांचं बोट थांबलं : कोणत्याही विषयात नापास झाल्यास शिष्यवृत्ती आपोआप रद्द. मग पत्र उलटून त्यांनी शहराचं नाव वाचलं.

"याच गावाले मी एक पोरगी पाठोली होती," त्या म्हणाल्या.

तिचं नाव सुवर्णा. राळेगावकडच्या एका खेड्यातली, माझ्या आधी दहाएक वर्षं. कॉलेज वेगळं, पण शहर हेच आणि शिष्यवृत्तीही अशीच पूर्ण. तिचे वडील पाठवायला कचरत होते. मॅडमनीच त्यांना समजावलं होतं, "फुकट भेटून राह्यलं तं सोडता काहून?" दुसऱ्या वर्षी सुवर्णा एका विषयात नापास झाली. शिष्यवृत्ती थांबली, वसतिगृहाची खोली गेली. घरी तिनं काही कळवलं नाही. आठ महिने दर रविवारी तिचा फोन येई, अभ्यास चांगला चालू आहे म्हणे. मग फोन लागेनासा झाला. पोलिसांत तक्रार झाली, बसस्टँडवर फोटो लागले, मॅडम तीन सुट्ट्या त्या शहरात फिरून आल्या. काही हाती लागलं नाही.

"मेली म्हनाले जागा नाई," मॅडम म्हणाल्या, "अन् जित्ती म्हनाले बी नाई."

आता त्या नको म्हणणार, याची मला खात्रीच होती. बाबांनी विचारलं, "मग काय करावं, मॅडम?"

त्यांनी पत्राची घडी घालून बाबांच्या हातात दिली. म्हणाल्या, "जाऊ द्या तिले. पन मी संगं येतो."

आल्याही. कॉलेजच्या प्राचार्यांपुढे खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "सर, ये लडकी एक विषय में फेल हुई, तो आप क्या करेंगे?"

प्राचार्य हसले. "मॅडम, आज तो शुभ दिन है."

"इसीलिए आज पूछ रही हूँ."

प्राचार्य बाबांकडे बघू लागले. बाबांनी मान खाली घातली. शेवटी प्राचार्यांनी पत्राखाली स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की पुरवणी परीक्षेत पास झाली तर शिष्यवृत्ती पुढे चालू राहील. मॅडमनी आपला फोन नंबरही लिहून घ्यायला लावला. ही नापास झाली तर आधी आपल्याला कळवायचं, म्हणाल्या. मग आम्ही सामान लावत असताना त्या कुठेतरी गेल्या आणि दिवेलागणीला परतल्या. चपला धुळीनं माखलेल्या. "बजार पाहून आली," म्हणाल्या. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

पहिल्या वर्षी मी शरीररचनाशास्त्रात नापास झाले. प्राचार्यांनी लिहून दिलेलं मला पाठ होतं, पण त्या दिवशी त्या ओळीचा काही उपयोग वाटेना. शाळेपासून कधी दुसरा नंबर न आलेली मी, यादीत माझ्या नावापुढची खूण वाचून खोलीत आले आणि दार लावलं. आईला फोनवर सांगितलं, निकाल लागायचा आहे. किती सहज बोलले मी ते! आवाज जरासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दार वाजलं. उघडलं तर मॅडम. रात्रभरच्या बसनं आलेल्या, केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी. आत आल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"हालू नको. मले पाहू दे," म्हणाल्या. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि मग विचारलं, "जेवली का, सुवर्णा?"

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "नाही, मॅडम."

त्या सहा आठवडे तिथं राहिल्या, कॉलेजात रजा टाकून, मागच्या गल्लीत खोली घेऊन. संध्याकाळी माझं पुस्तक माझ्याच पुढ्यात ठेवत. "मले शिकव. मी ढ हाय असं समज." हाताच्या नसा मी त्यांना इतक्या वेळा शिकवल्या, की शेवटी त्या माझ्या चुका काढू लागल्या. दुपारी मात्र त्या खोलीवर नसत. एकदा मी सिटी बसमधून त्यांना पाहिलं. एका कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकासमोर, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या आणि सुटीला बाहेर पडणाऱ्या बायकांचा एकेक चेहरा पाहत होत्या. मी उतरायला हवं होतं. उतरले नाही. बस पुढे गेली.

मी पास झाले. शिष्यवृत्ती चालू राहिली. आज पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर आहे.

मॅडम गेल्या त्याच्या आठ दिवस आधी मी दिग्रसला त्यांना भेटले. आजार शेवटाला आला होता, शुद्ध पूर्ण होती. बहिणीला त्यांनी चहा करायला आत पाठवलं आणि मला खाटेजवळ बसवलं.

"स्नेहल, मी तुया भल्याचं नाई पाह्यलं," त्या म्हणाल्या. "लोन काढलं असतं तं तू घराजवळ राह्यली असती. पन मनात आलं, हे तिथं गेली तं मले सुवर्णाले धुंडाले पुन्हा जायचं निमित्त भेटते. म्हनून हो म्हनली. रागावशीन तं रागाव."

वाईट बातमी ऐकताना चेहरा न हलवण्याची मला आता सवय आहे. मी त्यांचा हात धरला. त्यांचं ओझं कमी करावं म्हणून, आजवर कोणाला न सांगितलेलं मी बोलून गेले.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर मी तिथं सापडले नसते. बॅग भरलेली होती. तुम्ही दार वाजवलंत तेव्हा मी निघतच होते."

"घरी?"

"नाही. घरी जायचं तोंड नव्हतं."

"मंग कुठं जानार होती?"

"माहीत नाही, मॅडम. काहीच ठरवलं नव्हतं. फक्त निघायचं होतं."

त्यांनी डोळे मिटले. आतून कपबशांचा आवाज येत होता. मला वाटलं, झोपल्या.

"म्हंजे थे बी असीच निंगाली असन," त्या म्हणाल्या. "काही न ठरवता. अन् दारात कोनी नाई भेटलं."

एवढ्या वर्षांत त्यांना जे कोणी सांगू शकलं नव्हतं, ते त्यांना धीर द्यायच्या नादात मी सांगून बसले होते.