आत्याबाई बरणी हुंगत तेव्हा

उकळत्या पाण्यातून काढलेल्या टोमॅटोची साल बोटांखाली अलगद सुटू लागली की स्वयंपाकघरात एक आंबटगोड, किंचित मातकट गंध भरून राही, आणि देवासच्या माघातले कोवळे ऊन खिडकीतून येऊन त्या वाफेत विरून जाई. बागलीकडचा भाजीवाला "ले लो बाई, आज तो माटी के मोल है" म्हणत टोपल्या दारात उतरवी, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घराच्या जुन्या रीतीने मी आत्याबाई म्हणत असे, पदर खोचून बसत. सोललेले टोमॅटो काचेच्या बरण्यांत दाबून भरायचे, वर मीठ आणि लिंबाचा रस, मग तळाशी फडके घातलेल्या मोठ्या पातेल्यात, पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात, त्या बरण्या तासभर उकळायच्या. झाकण मात्र आत्याबाईच लावणार, आणि उन्हाळ्यात ते उघडून पहिला वासही त्याच घेणार, असा दंडक होता. डोळे मिटून त्या क्षणभर थांबत, मान हलवत, आणि मगच सार गॅसवर चढे.

मी धारची. नवी नवरी असताना तळाशी लागलेल्या दुधाचा वास मला आला नाही, तेव्हापासून "धारच्या पोरींना देवानं नाक नथीपुरतंच दिलंय" हे वाक्य मी सहा वर्षे, पाहुण्यांच्या देखतसुद्धा, ऐकत आले होते. खरे सांगते, मला त्यांचा राग यायचा. एकदा तरी त्यांनी चुकावे, आणि माझ्यासमोर चुकावे, याची मी वाट पाहत होते.

नव्वदच्या दशकाअखेरच्या एका ज्येष्ठात ती वेळ आली. माझी नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना, तोंडाला चव नाही, आणि तिला आईच्या हातचे सारच हवे होते. "वहिनी, जल्दी वाढा ना, भूक से जान जा रही है," असा तिचा पाटावरून घोशा चालला होता. आत्याबाईंनी बरणी उघडली, नाकाशी धरली, मान हलवली. शेजारी उभ्या असलेल्या मला मात्र शिळ्या ताडीसारखा भपकारा आला, आणि काचेला बारीक बुडबुडे दिसले. मी बरणीवर हात ठेवला. "आत्याबाई, हे विटलंय." त्या शब्दांतला विजय माझा मलाच ऐकू आला.

त्या रागावल्या नाहीत. बरणी पुन्हा नाकाशी नेऊन त्यांनी बराच वेळ तशीच धरली, मग खाली ठेवली आणि भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "कार्तिकातल्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही गं. ना उदबत्तीचा, ना फोडणीचा."

इतके महिने ती बाई आमच्यासमोर नुसत्या अंदाजाने मान हलवीत होती, आणि घरातल्या एकालाही ते कळले नव्हते. नणंद रडू लागली. पोटातल्या जिवाच्या धास्तीने की आईच्या कळवळ्याने, कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. उरलेल्या साऱ्या बरण्या त्यांनी त्याच दुपारी माझ्याकडून मोरीत ओतवून घेतल्या, आणि पुढच्या माघापासून झाकणे तूच लावायची, असे शांतपणे सांगितले.

आषाढात नणंदेला मुलगी झाली. न्हाऊ घालून, धुरी देऊन बाळ आजीच्या मांडीवर दिले, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत ओव्याचा, वेखंडाचा, शेगडीतल्या निखाऱ्यांचा ऊबदार दरवळ कोंडला होता. आत्याबाईंनी बाळाच्या टाळूला नाक लावले आणि तशाच थांबल्या. मग बाळ माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तू बघ. कसा वास येतोय, सांग मला."

मी वाकले. "दुधाचा," म्हटले.

"ते ठाऊक आहे मला, लेकरं वाढवलीत मी. पण कसा?"

मी पुन्हा वाकले. वेखंडाखाली, तेलाखाली आणखी काहीतरी होते, मऊ, ओळखीचे, आणि त्याला नाव नव्हते. त्या माझ्या तोंडाकडे पाहत वाट बघत होत्या, आणि सहा वर्षे त्यांच्या टोमण्यांना मनात उत्तरे जुळवत आलेल्या मला एक शब्द सुचत नव्हता.